स्विफ्ट स्पोर्टला सायलेन्सर घेतला, त्याची गोष्ट

जपानमध्ये कुठली गाडी घेतलीस असं कुणी विचारलं की मी स्विफ्ट म्हणतो आणि फोनवर पलीकडे एकदम शांत. आई तर सरळ म्हणाली, एवढ्या लांब जाऊन स्विफ्टच घ्यायची होती तर पुण्यात काय वाईट होतं. मग सगळ्यांना समजावत बसावं लागतं की बाबांनो ही स्विफ्ट स्पोर्ट आहे, झेडसी३२एस मॉडेल, २०११ च्या डिसेंबरला जपानात आलेलं, १६०० सीसी, टर्बो नाही, १३६ पीएस, म्हणजे हॉर्सपॉवरच म्हणा, ती पण ६,९०० आरपीएमला, सहा गिअरची मॅन्युअल आणि वजन साधारण १,०५० किलो. इंजिन एम१६ए, म्हणजे आपल्या मारुती एसएक्स४ मध्ये होतं त्याच घराण्यातलं, फक्त इथे त्याला वरच्या आरपीएमची चटक लावलेली आहे. मी राहतो हमामात्सुला, सुझुकीचं हेड ऑफिस याच गावात, त्यामुळे इथे स्विफ्ट चालवणं हे काही वेगळं नाही, पार्किंगमध्ये दर चौथी गाडी सुझुकीच असते.

गाडी सेकंड हँड घेतली होती, निगाताची. जपानच्या गाड्यांबद्दल ज्यांना माहिती आहे ते निगाता ऐकल्यावर लगेच खाली वाकून बघतात, कारण तिकडे बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटाला गंज लावतं. ऑक्शन शीटवर, म्हणजे लिलावातल्या गाडीच्या तपासणीच्या कागदावर, खालच्या बाजूला गंज असं लिहिलेलंच होतं, म्हणून तर स्वस्तात मिळाली, आणि बॉडी चांगली असेल तर सायलेन्सर गेला तरी परवडेल असा हिशोब मी आधीच मांडून ठेवला होता. तसंच झालं. मागच्या डब्याच्या वेल्डिंगच्या कडेला पहिल्यांदा फुसफुस, मग भोक, मग सकाळी गाडी चालू केली की ट्रॅक्टर. त्यात शाकेन जवळ आलेलं.

शाकेन म्हणजे इथली सक्तीची गाडी तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. एक्झॉस्ट लीक असेल तर पास होत नाही, विषय संपला. ओरिजिनल सुझुकीचा पार्ट किती म्हणून विचारलं तर मागचा डबा, मधला पाईप, गॅस्केट, सगळं मिळून जो आकडा आला त्यात अजून थोडी भर घातली की चांगल्या कंपनीचा स्टेनलेस स्टीलचा कॅट-बॅक येतो. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, मागचं सगळं. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं, कारण त्याच्यापुढे प्रदूषणाचे कागद वेगळे सुरू होतात आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तसल्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भारतात बसलेल्या मित्रांची समजूत अशी की जपान म्हणजे मॉडिफिकेशनचा स्वर्ग, दुकानात जा, सगळ्यात मोठ्या आवाजाचा सायलेन्सर उचला आणि लावून या. प्रत्यक्षात सायलेन्सर बघायला गेलो की पहिला प्रश्न आवाजाचा नसतोच, पहिला प्रश्न असतो प्लेट आहे का.

ही प्लेट म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो कारण मला हे समजायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. एप्रिल २०१० नंतर बनलेल्या गाड्यांना बाहेरचा सायलेन्सर लावायचा असेल तर त्या सायलेन्सरची आधीच तपासणी झालेली असली पाहिजे, आणि तसं सांगणारी एक छोटी धातूची पट्टी सायलेन्सरवरच पक्की बसवलेली असते. पाईपच्या तोंडाशी मायक्रोफोन लावून आवाज मोजला की झालं असं पूर्वी होतं, पण आता गाडी वेग घेत असताना किती आवाज येतो तेही मोजावं लागतं आणि ते शाकेनच्या शेडमध्ये शक्यच नाही, त्याला ट्रॅक लागतो. म्हणून कंपनी ते काम करून घेते आणि पुरावा म्हणून पट्टी. युरोपचा ई मार्क, म्हणजे तिकडच्या मान्यतेचा शिक्का, असला तरी चालतो. नाहीतर मग तुमचा सायलेन्सर कितीही गरीब आवाजाचा असो, कागदोपत्री तो बेकायदाच. यातलं अजून एक कलम मला फार आवडलं, पाईपच्या तोंडात घालायचा जो सुटा बोळा मिळतो, इनर सायलेन्सर म्हणतात, बोल्टने बसवायचा आणि तपासणी झाली की काढून खिशात घालायचा, तो या गाड्यांना चालतच नाही. सहज निघणारी कुठलीही आवाज कमी करायची वस्तू मान्य नाही. म्हणजे कायदा लिहिणारा माणूस स्वतः कधीतरी गाडीवेडा असणार, त्याला सगळ्या खोड्या माहीत आहेत.

आणि लपूनछपून लावला तर? पोलिसांनी किंवा तपासणीवाल्यांनी पकडलं की काचेवर लाल स्टिकर, बेकायदा बदल केलेली गाडी म्हणून, आणि १५ दिवसांत दुरुस्त करून दाखवायची. लावून देणाऱ्या गॅरेजवरही केस होते त्यामुळे बरीचशी गॅरेजेस असली गाडी आतच घेत नाहीत, ऑइल बदलायला सुद्धा.

माझ्या मॉडेलला तोंडाशी मोजलेल्या आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल. २०१६ च्या ऑक्टोबरनंतर आलेल्या नव्या मॉडेल्सचा हिशोब वेगळा आहे, त्यांच्या कागदावर कंपनीचा मूळ आकडा असतो आणि त्याच्यावर फक्त पाच डेसिबलची सूट, त्यामुळे नवीन टर्बो स्विफ्ट स्पोर्टवाले माझ्या जुन्या गाडीकडे थोडे हेव्याने बघतात. ९६ हा आकडा ऐकायला लहान वाटेल पण तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, तेव्हा ८९ वाला आणि ९५ वाला यांच्यात चौपटीचा फरक आहे. कॅटलॉगमध्ये बहुतेक कंपन्या हा आकडा छापतात. मी पुढे सगळी तुलना त्याच आकड्यावर केली, हॉर्सपॉवरच्या कॉलमकडे बघितलंच नाही. टर्बो नसलेल्या १६०० सीसीच्या इंजिनाला मागचा पाईप बदलून किती ताकद वाढणार, जे दोन-चार पीएस लिहितात ते मला तरी सीटवर बसून कळणार नाहीत.

मग सुरू झाली दुकानांची फेरी. आधी जुन्या पार्ट्सकडे वळलो कारण मराठी मन. अप गॅरेजसारख्या दुकानांत छताला सायलेन्सर टांगलेले असतात, ओळीने, प्रत्येकावर चिठ्ठी, कुठल्या गाडीचा, ओरखडे कुठे, प्लेट आहे की नाही. याहूवरच्या लिलावातही ढिगाने असतात. तिथली भाषा एकदा कळली की मजा येते. फोटो सगळे तोंडाचे, निळसर झळाळी असलेल्या टोकाचे, आणि प्लेटचा एकही नाही, म्हणजे काय ते समजून घ्यायचं. खाली बारीक अक्षरात लिहितात की स्पर्धेसाठीच वापरावे, आणि त्याच्या खाली नो क्लेम नो रिटर्न, म्हणजे घेतला की तुमचं नशीब. एकाने तर लिहिलं होतं प्लेट होती पण पडली. त्याला मेसेज टाकून विचारलं की पडली म्हणजे कशी, ती तर रिव्हेटने बसवलेली असते ना, तर उत्तरच नाही. किंमत मात्र नव्याच्या एक तृतीयांश होती, भाऊ म्हणाला घेऊन टाक कोण बघतंय. इथे बघतात रे बाबा, खाली आरसा घालून बघतात.

जुन्यात अजून एक गोम. सरळ पाईपवाल्या सायलेन्सरच्या आत जाळीचा पाईप आणि भोवती ग्लास वूल भरलेलं असतं, ते वर्षानुवर्षं उष्णतेने जळत, उडत जातं आणि आवाज वाढतो. म्हणजे प्लेटवाला असला तरी दहा वर्षं जुना पीस आज ९६ च्या खाली येईलच असं नाही. हे कळल्यावर मी जुन्याचा नाद सोडला.

नवीनमध्ये पर्याय भरपूर. आमचा शिझुओका प्रांत हा या धंद्याचा गाभाच म्हणायचा, एचकेएस ही कंपनी इथलीच, १९७३ पासूनची, फुजीच्या पायथ्याशी फुजिनोमियाला. सुझुकीवाल्यांचा खास म्हणजे मॉन्स्टर स्पोर्ट, ज्यांच्या मागे नोबुहिरो ताजिमा हा माणूस आहे, ज्याने २०११ साली अमेरिकेत पाइक्स पीकचा डोंगर दहा मिनिटांच्या आत चढून दाखवला आणि गाडीचं नाव काय, तर एसएक्स४! अर्थात त्या गाडीत आणि आपल्या काकांच्या एसएक्स४ मध्ये नावापलीकडे काही साम्य नव्हतं पण ऊर भरून आलाच. आणि तिसरी फुजित्सुबो, या सगळ्यांत म्हातारी, १९३१ पासूनची, शांत आवाज आणि चांगलं वेल्डिंग यासाठी नावाजलेली. टायटॅनियमचे पण बघितले, हातात उचलले की पत्र्याच्या डब्यासारखे हलके, पण किंमत दोन लाख येनच्या पुढे. तुमच्या अंदाजासाठी, एक लाख येन म्हणजे पंचावन्न-साठ हजार रुपये धरा. गाडीच अशी स्वस्तात घेतलेली, तिला टायटॅनियम म्हणजे फारच झालं.

आता आवाज कसा ठरवायचा? व्हिडिओ बघून काही कळत नाही, हे अगदी ठामपणे सांगतो. मोबाइलचा माइक मोठा आवाज दाबतो आणि खालचा घुमणारा आवाज तर त्यात पकडलाच जात नाही, आणि त्रास नेमका तोच देतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे अडीच ते तीन हजार आरपीएमला साधारण ८३ ते १०० हर्ट्झचा आवाज, आणि हायवेवर मी त्याच पट्ट्यात असतो. हॅचबॅकला डिकी आणि केबिनमध्ये पत्रा नसतो, सगळा एकच डबा, त्यामुळे सायलेन्सरने त्या पट्ट्यात सूर लावला की अख्खी गाडी ढोल होते. इथे त्याला कोमोरी म्हणतात आणि या गाड्यांवर बोलणारे लोक ताकदीपेक्षा कोमोरीबद्दलच जास्त बोलतात. शिन-तोमेई एक्स्प्रेसवेवर गोतेम्बापासून हमामात्सुच्या बाजूपर्यंत १२० ची मर्यादा आहे, तासभर तो घुमणारा आवाज डोक्यात घेऊन गाडी चालवायची कल्पनाच करवेना.

म्हणून मी लोकांना गाठायला सुरुवात केली. जुन्या तोमेई एक्स्प्रेसवेवर हमानाको सर्व्हिस एरिया आहे, तळ्याच्या काठावर, रविवारी सकाळी तिथे गाडीवाले जमतात, कुणी बोलावलेलं नसतं पण जमतात. तिथे एक काका दिसले, साठीचे असतील, माझंच मॉडेल, पिवळं, खाली फुजित्सुबोचा ऑथराइझ नावाचा सायलेन्सर. मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं की आवाज ऐकवाल का, तर त्यांनी इंजिन चालू करून दाखवायच्या ऐवजी शेजारचं दार उघडलं आणि म्हणाले बसा. पुढच्या एक्झिटपर्यंत गेलो. तिसऱ्यात सात हजारापर्यंत नेली तेव्हा मागून असा स्वच्छ, थोडा खरखरीत सूर आला की अंगावर काटा, आणि सहाव्यात टाकून शंभरला धरली तर आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो. काकांनी माझ्याकडे बघून फक्त दोन बोटांनी स्टीअरिंगवर ठोकलं, ऐकलंत ना, अशा अर्थाने. परत आल्यावर त्यांनी व्हेंडिंग मशीनची कॉफी पण पाजली, पैसे घेईनात. माझा निर्णय तिथेच झाला.

ऑर्डर करताना दुकानदाराने गाडीचा कागद मागितला आणि मॉडेल कोड, पहिल्या नोंदणीचं साल, गिअरबॉक्स, सगळं ताडून बघितलं, कारण मॅन्युअल आणि सीव्हीटीचं, म्हणजे ऑटोमॅटिकचं, सर्टिफिकेशन कधी कधी वेगळं असतं आणि प्लेट असूनही दुसऱ्या मॉडेलचा सायलेन्सर लावला तर ती प्लेट फुकट. डिलिव्हरी घरी नाही. इतका लांब खोका खासगी घरी आणून द्यायला ट्रान्सपोर्टवाले तयार नसतात, एकतर डेपोतून तुम्ही उचला नाहीतर धंद्याच्या पत्त्यावर मागवा. मी गॅरेजचाच पत्ता दिला.

गॅरेज एका ब्राझिलियन माणसाचं आहे. हमामात्सुला ब्राझिलियन खूप, जपानी वंशाचे, कारखान्यांत कामाला आलेले आणि मग इथलेच झालेले. आम्ही दोघं परकी जपानी बोलतो त्यामुळे छान जमतं, दोघांनाही कठीण शब्द येत नाहीत. बाहेरून आणलेला पार्ट लावायचा म्हणून मजुरी थोडी जास्त सांगितली, ते इथे सगळीकडेच आहे.

लावायला दोन तास लागतील म्हणाला आणि अर्धा दिवस गेला, निगाताच्या मिठामुळे. बोल्ट म्हणजे गंजाचे गोळे झालेले. आधी सीआरसी, म्हणजे गंज सोडवणारा स्प्रे, मारून ठेवलं, मग टॉर्चने लाल होईस्तोवर तापवलं, एक निघाला, एक मोडला, मोडलेल्याला ड्रिल. रबराचे हँगर तर हाताने ओढून निघतच नव्हते, त्याने साबणाचं पाणी मारून पान्याने वळवून काढले आणि सगळे नवीन टाक म्हणाला. गॅस्केटसुद्धा नवीनच, जुनं परत वापरायचं नाही, चिल्लर पैशांसाठी परत लीक. जुना डबा लिफ्टवरून खाली ठेवला तेव्हा आतून गंजाची पोळी पडली, अक्षरशः घमेलंभर.

नवीन बसवल्यावर त्याने एक काम केलं जे मी सगळ्यांना करायला सांगेन. बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी गाडी थोडी खाली घेऊन दोन्ही बाजूंची तोंडं बंपरच्या खाचेत मधोमध येतात का बघितलं, हँगरवर हलवून बघितलं की कुठे आपटत नाही ना, आणि मगच आवळलं. स्विफ्ट स्पोर्टला दोन्हीकडे तोंडं आहेत, एक अर्धा सेंटीमीटर खाली आलं तरी डोळ्याला खुपतं. जमिनीपासून सगळ्यात खालची जागा पट्टीने मोजली, नऊ सेंटीमीटरच्या वर पाहिजे, आमची आरामात वर.

पहिल्यांदा चालू केल्यावर मागून पांढरा धूर आणि जळका वास. घाबरायचं नाही, कारखान्यातलं तेल जळतं. बोटांचे ठसे मात्र आधीच पुसून घ्यावेत, नाहीतर स्टेनलेसवर भाजून कायमचे बसतात.

आवाज काकांच्या गाडीपेक्षा कमी वाटला म्हणून थोडा हिरमुसलो होतो, तर गॅरेजवाला म्हणाला थांब जरा, ग्लास वूल तापून बसू दे. महिन्याभरात खरंच आवाज मोकळा झाला. चार हजाराच्या खाली गाडी सभ्य, वर गेली की बोलायला लागते. सकाळी थंड इंजिनाला आरपीएम वर असतो तेव्हा मात्र जाणवतं, म्हणून मी चालू केल्याबरोबर हळूच पार्किंगच्या बाहेर निघतो, उभं राहून गरम करत बसत नाही. शेजारच्या आजींनी अजून तरी काही म्हटलेलं नाही, आणि इथे काही म्हणायचं असलं तरी त्या मला म्हणणार नाहीत, घरमालकाला म्हणतील आणि मग बिल्डिंगच्या बोर्डवर एक अत्यंत नम्र चिठ्ठी लागेल. तशी चिठ्ठी लागलेली नाही.

शाकेनला मी स्वतः गेलो होतो बघायला. तपासणी अधिकाऱ्याने बॅटरी मारून प्लेट वाचली. मग मायक्रोफोन, तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात, आणि इंजिन सगळ्यात जास्त ताकदीच्या आरपीएमच्या ७५ टक्क्यांवर धरायचं, माझ्या गाडीला म्हणजे ५,१७५, तिथे स्थिर धरून एकदम पाय सोडायचा. आकडा ९६ च्या चांगलाच खाली. प्लेट असली की बऱ्याचदा मोजतही नाहीत म्हणे, माझी मोजली, बरंच झालं. सायलेन्सरबरोबर आलेला सर्टिफिकेटचा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, पट्टीवरची अक्षरं मीठ-चिखलाने पुसट झाली तर तो कामाला येईल, आणि विकताना तर पहिला तोच मागतात.

या सगळ्यात एकूण खर्च ओरिजिनल पार्टपेक्षा चाळीसेक हजार येनने जास्त झाला असेल. गाडी पळते तेवढीच पळते. पण बोगद्यात शिरताना मी आता काच खाली करतो आणि एक गिअर उतरवतो, आणि बायको काही न बोलता काच वर करते.

बोगद्यातलीच एक क्लिप भावाला पाठवली. त्याच्याकडे बुलेट आहे, इंदोरी फटाकावाली, मागच्या वर्षी पोलिसांनी तो सायलेन्सर काढून घेतला आणि रोडरोलरखाली घातला, पठ्ठ्याने दुसरा लावला. त्याने क्लिप ऐकली आणि लिहिलं, एवढे पैसे घालून गाडी चालू तरी केलीस का?